मी टरफलं उचलणार नाही

फोटोत कुत्रं नव्हतंच. फोटोत होतो मी. डोक्याला कानटोपी, अंगात स्वेटर, खाली लेंगा, पायात जावयाचे जुने बूट, आणि एका परक्या माणसाच्या हिरवळीवर उकिडवा बसलेला. वेळ सकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटं. माझ्या हातातून एक दोरी निघून फोटोबाहेर गेली होती, पण ती जिच्या गळ्यात होती ती कॅमेऱ्यात आलीच नव्हती. सोबतच्या पत्रात म्हटलं होतं की, आपल्या घरातील प्राण्याने वसाहतीच्या नियमावलीचा भंग केल्याचे आढळून आले आहे, पुरावा सोबत जोडला आहे.

मुलीने पत्र वाचलं, फोटो पाहिला, पुन्हा पत्र वाचलं.

"बाबा, खरं सांगा. तुम्ही तिथे नेमकं काय करत होतात?"

"दिशा बघत होतो."

जावई उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. बराच वेळ पाणी पीत होता.

दिशेचं पुढे येईलच. त्याआधी या विषयातला माझा अधिकार सांगायला हवा. पुण्यात आमच्या ४८ फ्लॅटच्या सोसायटीचा मी ११ वर्षं मानद सेक्रेटरी होतो. मानद म्हणजे पगार मिळत नाही, शिव्या मात्र महिन्याच्या महिन्याला जमा होतात. त्या ११ वर्षांत नोटीस बोर्डावर माझ्या सहीने जेवढी वाक्यं लागली, तेवढी एखाद्या लेखकाच्या हातून आयुष्यात होत नसतील. त्यातली निम्मी कुत्र्यांना उद्देशून होती. उदाहरणार्थ: 'श्वानधारक सभासदांस सूचित करण्यात येते की, आपल्या श्वानांनी आवारात नैसर्गिक विधी उरकू नयेत. याची संबंधितांनी नोंद घ्यावी.' दुसऱ्या दिवशी त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'संबंधितांना वाचता येत नाही.'

आमच्या सोसायटीची हिरवळ म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीवर अंथरलेला बारा बाय वीस फुटांचा तुकडा. त्यावर 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी. माणसं चालत नसत. एका रविवारी सकाळी सात वाजता त्या तुकड्याच्या बरोब्बर मध्यभागी पुरावा सापडला. चेअरमन, खजिनदार, मी आणि वॉचमन असे चौघे त्याच्याभोवती रिंगण करून उभे राहिलो. सगळ्या श्वानधारकांना इंटरकॉमवरून खाली बोलावलं.

पहिले आले. लांबूनच बघून म्हणाले, "हे आमचं नाही. आमच्या ब्रूनोचं एवढं नसतं."

दुसऱ्या बाई म्हणाल्या, "हे आमचं नाही. आमची रात्री दहालाच मोकळी होते. तेही रस्त्यावर."

तिसरे वाकले, चष्मा सावरला, सोनाराने नग पाहावा तसं पाहिलं आणि म्हणाले, "हे भटक्याचं आहे. घरचं खाणाऱ्याचं असं नसतं."

शेवटी चेअरमनांनी वॉचमनला विचारलं. तो बिचारा मघापासून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. म्हणाला, "साहेब, मला तर माणसाचं वाटतंय."

चौकशी तिथेच तहकूब झाली. इतिवृत्तात मी 'अज्ञात' असं लिहिलं.

मग मी कडक धोरण स्वीकारलं. कुत्र्यांनी लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने जायचं, असा नियम केला. तिसऱ्या दिवशी पाचव्या मजल्यावरचे सभासद कागदांची चळत घेऊन आले. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचना होत्या त्या. कुत्र्याला लिफ्टबंदी करता येत नाही. कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. त्याच्यासाठी वेगळा आकार लावता येत नाही. मालकाने घाण उचलावी अशी विनंती मात्र करता येते. म्हणजे माझ्या हातात राहिली ती फक्त विनंती. आणि पुण्यातल्या नोटीस बोर्डावर 'विनंती' हा शब्द दिसला की लोक पुढचं वाचत नाहीत. आपल्यासाठी नाही, दुसऱ्या कोणासाठी तरी असणार, असं धरून चालतात.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. एरवी आमच्या सभेला कोरम नसतो. अर्धा तास थांबायचं, मग तहकूब सभा त्याच जागी, त्याच सात माणसांत, त्याच गार झालेल्या बटाटेवड्यांसह पुन्हा सुरू करायची. त्या वर्षी विषयपत्रिकेत 'श्वानविष्ठा' हा शब्द होता, तर जादा खुर्च्या मागवाव्या लागल्या. हिशेबपत्रकं चार मिनिटांत मंजूर झाली. सिंकिंग फंड कुठे गेला, हे कोणी विचारलंही नाही. त्यानंतर अडीच तास कुत्री चालली. शेवटी ब्रूनोचे मालक उभे राहिले, शांतपणे घसा साफ केला आणि म्हणाले, "मी केलेली नाही. मी उचलणार नाही."

सभा एकदम गप्प. उपस्थित प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तिसरीचा वर्ग, हार घातलेली तसबीर आणि एक ऑगस्टचं पाठ केलेलं भाषण उभं राहिलं. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही! या महाराष्ट्रात एवढ्या मोठ्या आधारापुढे कुठला सेक्रेटरी टिकेल? 'श्वानांना मालकांनी घरच्या घरी समज द्यावी' असा ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक ब्रूनोचे मालक.

असा हा मुरलेला माणूस सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला मुलीकडे गेला. तिथे गेलेल्या आईवडिलांना दोन खाती मिळतात. आईकडे पोळ्या, वडिलांकडे कुत्रं. आमच्या वाट्याला आली चटणी. हे तिचं नाव. वजन ३० किलो, जात गोल्डन रिट्रीव्हर. तिला 'कुत्री' म्हटलेलं मुलीला चालत नाही, आणि जेवताना "जरा चटणी वाढ गं" म्हटलं की ती टेबलावर पुढचे दोन पाय ठेवून उभी राहते.

पहिल्याच दिवशी जावयाने माझ्या हातात हिरव्या पिशव्यांची एक गुंडाळी दिली.

"हे काय?"

"बाबा, तिने केलं की लगेच उचलायचं."

"कोणी?"

"आपण."

मी त्याला शेंगांची गोष्ट सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली (जावई चांगला आहे) आणि म्हणाला, "बाबा, इथून तासाभरावर न्यू यॉर्क आहे. तिथे पूर्वी फुटपाथवर बघूनच पाय टाकावा लागायचा. मग मालकानेच उचलायचं असा कायदा आला. कधीपासून लागू झाला माहितीये? १ ऑगस्ट १९७८."

मी खुर्चीत बसलो. १ ऑगस्ट! लोकमान्यांच्या पुण्यतिथीला! वर्षाचे ३६५ दिवस मोकळे होते त्या लोकांना. ज्या दिवशी आमची पोरं माइकपुढे मुठी आवळून टरफलं उचलायला नकार देतात, नेमक्या त्या दिवसापासून तिकडची माणसं दुसऱ्याची टरफलं पिशवीत भरू लागली.

पिशव्यांवरून घरात वेगळीच धुसफूस झाली. गुंडाळीची किंमत हिने रुपयांत काढली आणि ती कपाटात ठेवून दिली. "फेकायचीच आहे ना? मग विकतची कशाला?" २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हापासून हिने जुन्या पिशव्या सोन्यासारख्या जपल्या आहेत. त्यांची एक पिशव्यांची पिशवी होऊन ती आमच्यासोबत विमानाने आली होती. आता ती उघडली. न्यू जर्सीनेही २०२२ साली दुकानातल्या पिशव्या बंद केल्यामुळे नवी भर पडण्याची सोय नव्हती, तेव्हा एकेक पिशवी मोजून मिळे. सोमवारी मला मिळाली ती एका साड्यांच्या दुकानाची होती. गुलाबी, बंदाची, आणि वर सोनेरी अक्षरांत 'शालू, पैठणी व लग्नाचा बस्ता'.

चटणीने कार्यभाग उरकला. मी बस्ता बांधला. पण टाकायचा कुठे? त्या वसाहतीत रस्त्यावर कचऱ्याचा डबा नाही. लोकांच्या दारातल्या डब्यांत टाकायला नियमाने बंदी. म्हणजे पुढची पाऊण तासाची फेरी बस्ता हातात घेऊनच. वाटेत आमच्यासारखेच सहा महिन्यांवर आलेले एक काका भेटले. त्यांची नजर पिशवीवर.

"इंडियन स्टोअरला जाऊन आलात? मेथी आलीये का?"

"नाही."

"मग काय मिळालं?"

"घरचंच आहे," मी म्हणालो.

पुढे एका शेजारणीने पिशवीचं इतकं मनापासून कौतुक केलं, की ती हात पुढे करते की काय या भीतीने मी दोन पावलं मागे सरलो. बस्ता पातळ होता, हे मला त्याच वेळी बुटांवरून कळलं.

आता हिरवळीबद्दल. तिथे प्रत्येक घरापुढे हिरवळ असते. दारात गाय नाही, म्हैस नाही, तरी गवत वाढवायचं. खत घालून वाढवायचं, वाढलं की कापायचं, कापलं की टाकून द्यायचं आणि पुन्हा खत घालायचं. गवताची उंची किती, टपालपेटीचा रंग कोणता, कचऱ्याचा डबा आदल्या दिवशी किती वाजता बाहेर काढायचा, हे सगळं वसाहतीच्या नियमावलीत लिहिलेलं. हिने मागच्या कठड्यावर पंचा वाळत घातला, त्याचंही पत्र आलं. मी नियमावली मागवून घेतली. ६४ पानं! मुलीला वाटलं मी वैतागेन. खरं सांगतो, इतक्या समाधानाची दुपार मी अमेरिकेत दुसरी घालवली नाही. काय ती कलमं, काय ती उपकलमं! फक्त पान ३१ वर एक क्रमांक चुकला होता. मी पेन्सिलीने खूण केली.

कोपऱ्यावरचं घर ज्यांचं, ते गृहस्थ हिरवळीवर गुडघे टेकून कात्रीने कडा नीट करायचे. त्यांच्या गवतात अधूनमधून गोल, करपलेले डाग होते. अगदी तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखे. आणि प्रत्येक डागाभोवती गर्द हिरवी कडा. हे काम चटणीचं. कुत्रे खांबाखांबावर थेंब थेंब वाटत जातात. ही एका जागी बसते आणि सगळं तिथेच देऊन टाकते. लघवीतलं नायट्रोजन एका ठिकाणी फार झालं की गवत जळतं, कडेला पातळ होऊन पोचतं तिथे तेच खत होतं. मी त्यांना समजावून सांगितलं की, हा युरियाच आहे, तुम्ही तो विकत आणता, आम्ही घरपोच देतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चटणीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे पाण्याचे फवारे बरोब्बर आम्ही कोपऱ्यावर आलो तेव्हाच सुरू झाले. योगायोगही असेल. पण तो सलग पाच दिवस झाला.

तेव्हापासून मी चटणीला फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्टीवरच नेऊ लागलो. ही पट्टी म्हणजे सीमाप्रश्न आहे. जागा टाउनशिपची, गवत कापायचं घरमालकाने, आणि रागवायचा हक्कही त्याचाच. चटणीला मात्र पट्टी कुठे संपते ते कळत नसे. कारण तिला जागा पसंत पडायलाच दहा मिनिटं लागत. हुंगायचं, गोल फिरायचं, बसायचा आव आणायचा, पुन्हा उठायचं, पुन्हा उलटं फिरायचं. मुलगी बघायला गेलेली मंडळी इतके आढेवेढे घेत नाहीत.

"ही एवढी फिरते का?" मी जावयाला विचारलं, आणि इथेच घात झाला. तो म्हणाला, यावर संशोधन झालंय. चेक आणि जर्मन शास्त्रज्ञांनी दोन वर्षं ३७ जातींच्या ७० कुत्र्यांमागे फिरून १,८९३ वेळा शी आणि ५,५८२ वेळा शू करताना त्यांची दिशा नोंदवली. २०१३ साली निष्कर्ष छापला: पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असलं, तर कुत्री उत्तर-दक्षिण बसणं पसंत करतात. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेलही मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते.

हे ऐकताच पोळपाटावरचं लाटणं थांबलं.

"उत्तर-दक्षिण?" ही म्हणाली. "आणि मी काय सांगत होते तेव्हा?"

वीस वर्षांपूर्वी पुण्याचा फ्लॅट घेतला, तेव्हा कमोड वास्तुशास्त्राप्रमाणे उत्तर-दक्षिण फिरवून घ्यायचा हिचा आग्रह होता. प्लंबरने सांगितलेला आकडा ऐकून मी एकाएकी बुद्धिप्रामाण्यवादी झालो होतो. "जे मुक्या जनावराला कळतं..." असं म्हणून तिने वाक्य अर्धवट सोडलं. हिची अर्धवट वाक्यं फार लांब असतात.

माझ्यापुढे एकच मार्ग होता. संशोधन खोटं पाडणं. दुसऱ्या दिवसापासून मी मोबाइलमधलं होकायंत्र आणि एक छोटी डायरी घेऊन निघालो. उभ्याने अंदाज चुकतो. कुत्र्याचा कणा आणि होकायंत्राची सुई एका पातळीवर यायला हवी. म्हणून चटणी बसली की मीही तिच्यामागे बसत असे. ती पट्टीवर, आणि मागे जागा नसल्याने मी हिरवळीवर. २३ दिवसांच्या नोंदी झाल्या. चोविसाव्या दिवशी मी बसलो आणि चटणीला खार दिसली. ती दोरीसह पुढे धावली, मी तसाच राहिलो, आणि कोपऱ्यावरच्या गृहस्थांच्या दारातल्या घंटीमधल्या कॅमेऱ्याने आपलं काम केलं.

तर पत्र. ५० डॉलर दंड. मी तो रुपयांत काढला नाही, ही सांगेल म्हणून थांबलो. तिने सांगितला. पत्रात खाली बारीक अक्षरात होतं की, दंडाआधी सुनावणी मागता येईल. मुलगी म्हणाली, भरून टाकू. मी म्हणालो, ११ वर्षं सेक्रेटरी होतो.

सुनावणी वसाहतीच्या क्लबहाउसात. टेबलामागे दोघेजण. अध्यक्ष साधारण माझ्याच वयाचे, निवृत्त. पुढ्यात जाड फाइल आणि फाइलीला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. माझ्या पोटात कालवलं. हा माणूस मी ११ वर्षं रोज दाढी करताना पाहिला होता.

मी उभा राहिलो आणि 'आपल्या उपरोक्त विषयांकित पत्रास अनुसरून' याचं जसंच्या तसं इंग्रजी करून सुरुवात केली. सभागृह गंभीर झालं. माझे मुद्दे तीन. एक, आरोप प्राण्यावर आहे आणि पुराव्यात प्राणी नाही. फोटोतली व्यक्ती हाच प्राणी असं समितीचं म्हणणं असेल, तर तसं लेखी द्यावं. दोन, घटना पट्टीवर घडली. हिरवळीवर फक्त मी होतो, आणि मी काही केलेलं नाही. (इथे मुलीने डोळे मिटले.) तीन, नियमावलीप्रमाणे सुनावणीला समितीचे तीन सभासद लागतात. हजर दोन. कोरम नाही.

"तिसरे येताहेत," अध्यक्ष म्हणाले.

"ते गवत कापताहेत," मी म्हणालो. खिडकीतून यंत्राचा आवाज येत होता.

अध्यक्षांनी पानं उलटली. बराच वेळ वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "तुम्ही नियमावली पूर्ण वाचलीत?"

"दोनदा. पान ३१ वर कलमाचा क्रमांक चुकलाय."

त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी ओळखतो. नोटीस बोर्डापुढे कोणी क्षणभर थांबलं की माझ्याही चेहऱ्यावर ते उमटायचं. दंड रद्द झाला. त्यांनी स्वतःच्या हाताने मला कॉफी दिली आणि जाता जाता हळूच विचारलं, "दिशा कोणती निघाली?" मी डायरी दाखवली. उत्तर-दक्षिण ९, पूर्व-पश्चिम ८, 'निश्चित सांगता येत नाही' ६. त्यांनी आकडे स्वतःच्या वहीत उतरवून घेतले.

पुढच्या आठवड्यात ते संध्याकाळी घरी आले. श्वानविषयक नियमांचा सुधारित मसुदा करतोय, एकदा नजर घालाल का म्हणाले. मुलगी मागून मानेने 'नाही, नाही' करत होती. मी म्हटलं, नुसती नजरच तर घालायची आहे. चार संध्याकाळी गेल्या. फार काही नाही, इकडेतिकडे एखादं उपकलम.

महिन्याभराने घरोघर नवी नोटीस आली. मुलीने दारातच उभं राहून ती वाचायला घेतली. आमच्या घरच्या फ्रिजवर 'दूध तापवून झाल्यावर पातेल्यावर जाळी ठेवावी. संबंधितांनी नोंद घ्यावी' अशा चिठ्ठ्या वाचत ती मोठी झाली आहे. दुसऱ्या ओळीलाच तिने मान वर केली.

"बाबा, 'श्वानधारक सभासद' असं इंग्रजीत कोण लिहितं?"

मी चटणीचा पट्टा शोधू लागलो.

"दोरी सहा फुटांच्या वर नको. आपली सोळा फुटांची आहे. पिशवी अपारदर्शक आणि मजकूरविरहित असावी. 'मजकूरविरहित', बाबा? आणि हे काय? कलम चार, उपकलम आ. 'दिशा तपासण्याच्या सबबीखाली कोणत्याही व्यक्तीने परक्या हिरवळीवर बसू नये.'"

तिने कागद माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावून नीट पाहिलं.

"हे आमचं नाही," मी म्हणालो.